पानसरे-दाभोलकर तपास: दिल्लीत एकच यंत्रणा असती तर?

रंकाळाकाठ:
दाभोलकरांचा खून पुण्यात २०१३ ला. पानसरेंवर गोळ्या आपल्या कोल्हापुरात, सागरमाळात, फेब्रुवारी २०१५. त्याच वर्षी ऑगस्टात कन्नड लेखक कलबुर्गी धारवाडला, २०१७ ला पत्रकार गौरी लंकेश बेंगळुरूत. पुण्याचा तपास सीबीआयकडे, आपला आधी सीआयडीच्या एसआयटीकडे (विशेष तपास पथक), कर्नाटकातले आणखी वेगळे. कोल्हापूर-धारवाड एकाच हायवेवर, पण फायली कुठं एकत्र आल्या? माझं मत स्पष्ट आहे: अंतर्गत सुरक्षेला दिल्लीत एकच संस्था हवी, अटकेच्या अधिकारासकट.

कागलकर:
भावा, हा घाट २०१२ ला घालून झालाय. एनसीटीसी, म्हणजे राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र, आयबी या केंद्राच्या हेरखात्याच्या पोटात, अटक-झडतीचे अधिकार घेऊन १ मार्चला सुरू होणार होती. ओडिशा, बंगालसकट बऱ्याच मुख्यमंत्र्यांनी अडवली, आणि बरोबर अडवली. पोलीस हा राज्यसूचीतला विषय. हेरखात्यानंच माणूस उचलायचा म्हटल्यावर दाद कुठं मागायची?
शिवाय तुझंच उदाहरण तुझ्यावर उलटतंय. पुण्याचा तपास २०१४ पासून दिल्लीच्याच सीबीआयकडं होता. गोळ्या झाडल्याबद्दल पुढं २०२४ ला दोषी ठरलेल्यांपर्यंत ते पोचले २०१८ ला. तेही कसं? कर्नाटकच्या एसआयटीनं लंकेश प्रकरणात माणसं धरली, माहिती आपल्या एटीएसकडं (राज्याचं दहशतवादविरोधी पथक) आली, नालासोपाऱ्यात शस्त्रसाठा सापडला, मग तिथून सीबीआय.

रंकाळाकाठ:
म्हणजे एका राज्यानं मनावर घेतलं म्हणून! नसतं घेतलं तर? पानसरेंचा तपास एटीएसकडं द्यायला हायकोर्टाला सांगावं लागलं, तेही ऑगस्ट २०२२ मध्ये. साडेसात वर्षं गेली.

खाकी उतरवलेला:
दोघंही 'मॅक' विसरलात, म्हणजे सगळ्या यंत्रणांनी माहिती एकत्र करायचं मल्टी एजन्सी सेंटर. आयबीचं हे केंद्र २००१ पासून आहे, आणि २६/११ नंतर, डिसेंबर २००८ च्या आदेशानं, सगळ्यांनी तिथं माहिती देणं बंधनकारक झालं. राज्यांत त्याची उपकेंद्रंही आहेत. पण तिथं माहिती जाते ती दहशतवादाचा वास आल्यावर. सकाळी फिरायला गेलेल्या माणसाला गोळ्या घातल्या की स्थानिक ठाण्यात खुनाचा गुन्हा दाखल होतो, बस्स. दुसऱ्या राज्यात सापडलेल्या काडतुसाच्या पुंगळीशी आपली पुंगळी ताडून बघायची, तर आधी तसा संशय कुणाला तरी यायला हवा. आणि खरं सांगू? आपली माहिती दुसऱ्याला देऊन त्याच्या नावावर केस उघडकीस आली, तर देणाऱ्याला शाबासकी मिळत नाही. संस्था एक करा नाहीतर दहा, हे तसंच राहील.

कागलकर:
मग दोन राज्यांची संयुक्त एसआयटी कायद्यानंच सक्तीची करा. दिल्ली कशाला मध्ये?

रंकाळाकाठ:
बेळगाव-निपाणीवरून कोर्टात भांडणारी ही दोन सरकारं एका टेबलाला कोण बसवणार? तू?