एका गाडीमागे दुसरी

अमेरिकेतल्या जुन्या गाड्या शेवटी भंगारातच जातात, असं म्हटलं जातं. सगळ्याच नाही जात. टेक्सासच्या दक्षिण टोकाला लॉस इंडियोस म्हणून छोटं गाव आहे. तिथल्या पुलावरून 'ट्रान्समिग्रांते', म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या गाड्या नि सामान मध्य अमेरिकेत नेऊन विकणारे लोक, मेक्सिकोत शिरतात. पुढे स्वस्तात घेतलेली पिकअप, तिला मागे दांड्याने जोडलेली दुसरी गाडी, आणि दोन्हींत ठासून भरलेले जुने फ्रिज, गाद्या, सायकली. मागच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत 'इन टो' (म्हणजे 'ओढून नेलेली') रंगवलेलं. अख्खा मेक्सिको ओलांडायचा, पण विकायचं मात्र ग्वाटेमालात किंवा त्याही पलीकडे. मेक्सिकोतून फक्त जाण्याची परवानगी असते.

गाडीच्या मालकीचे कागद अमेरिकन कस्टम्सला ७२ तास आधी द्यावे लागतात, तोवर सीमेवर ताटकळायचं. बाकीची कागदपत्रं एजंटांकडून. आणि खरी पिळवणूक तिथेच. २०२२ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने या एजंटांच्या धंद्याशी संबंधित १२ जणांवर संगनमताने दर ठरवल्याचे आणि खंडणीचे आरोप उघड केले. हजारो मैल गाडी ओढत नेऊन चार पैसे कमावणाऱ्या माणसाकडून पुलाच्या तोंडाशीच पैसे उकळायचे, हे वाचून मला फार संताप आला.