मदत हवी आहे: जहाजावर 'सुपरकार्गो' म्हणून जायचंय, काम काय असतं?

अंबडचा_डिस्पॅचवाला: कंपनीने अचानक फर्मान काढलंय, माल जहाजावर चढतोय, सोबत तू जा. एजंटच्या मेलमध्ये माझ्या नावापुढे 'सुपरकार्गो' लिहिलंय. समुद्र पाहिला तो फक्त अलिबागला. सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) काढावं लागतं का? तिथे करायचं काय? साहेब म्हणतात, "माल नीट पोचव म्हणजे झालं." लवकर सांगा. 'गुगल करा' म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

फॉरवर्डर_नाशिक: माल कोणता? जहाज कुठलं, जातंय कुठे? कंटेनर असेल तर सोबत कोणी जात नाही.

गोदाकाठ: आधी सीडीसी काढून टाका. माझ्या मेव्हण्याने काढलं, आज दुबईत आहे.

जुना_मेट: मेव्हणा खलाशी असेल. सुपरकार्गो क्रूमध्ये नसतो, तो मालाच्या मालकाचा किंवा चार्टररचा, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याचा माणूस. जहाजावर त्याची नोंद 'सुपरन्यूमररी' (क्रूबाहेरचा जादा माणूस) म्हणून होते. १९४६ च्या न्यूयॉर्क प्रोड्यूस चार्टर पार्टीत (जहाज भाड्याने घेण्याच्या करारात) चक्क कलम आहे: चार्टररला सुपरकार्गो पाठवायची मुभा, त्याला कॅप्टनच्या टेबलावरचं जेवण, आणि चार्टररने रोजचा एक डॉलर भरावा. काय कागद लागतील ते एजंटकडून लेखी घ्या. पण माल काय, ते सांगा की हो!

निफाडचा_बागाईतदार: कुठलाही माल असो, डेटालॉगर टाका. द्राक्षांच्या कंटेनरमध्ये आम्ही टाकतो, रॉटरडॅमला तापमानावरून वाद झाला तर आलेख पुढे करायचा. माणूस कशाला पाठवायचा?

अंबडचा_डिस्पॅचवाला: सॉरी, लिहायचं राहिलं. दोन मोठे ट्रान्सफॉर्मर. मुंबई बंदर ते मोंबासा. दोन-तीन आठवड्यांत निघायचंय. डेटालॉगरचं काय करू, ट्रान्सफॉर्मरला गारवा लागत नाही.

फॉरवर्डर_नाशिक: मग सर्व्हेअर (माल तपासणारा) लावा. लोडिंगला एक, उतरवताना एक. मधल्या आठवड्या-दीड आठवड्यात माणूस तिथे उलट्या करण्यापलीकडे काय करणार?

जुना_मेट: तुमचा सर्व्हेअर मधल्या रात्री कुठे असतो? ट्रान्सफॉर्मरची टाकी तेल काढून कोरड्या हवेने किंवा नायट्रोजनने भरून पाठवतात. आत दाब कायम हवा, नाहीतर बाहेरची दमट हवा शिरून इन्सुलेशन खराब होतं. तो गेज रोज वाचून वेळेसकट वहीत लिहायचा, हे पहिलं काम. दुसरं, टाकीवर इम्पॅक्ट रेकॉर्डर (धक्के नोंदवणारं यंत्र) असेल तर तो चालू आहे का ते अंबडमधून निघताना बघा आणि बंदरात पुन्हा बघा. कसारा घाटात बसलेला धक्का जहाजाच्या नावावर नको, आणि जहाजाचा घाटाच्या नावावर नको. तिसरं, लॅशिंग, म्हणजे माल साखळ्यांनी बांधणं. साखळी लॅशिंगसाठी दिलेल्या कड्यांतच हवी, व्हॉल्व्ह किंवा पाइपवरून गेलेली दिसली तर तिथल्या तिथे चीफ ऑफिसरला सांगा, फोटो काढा. खवळलेल्या समुद्रानंतर सगळं पुन्हा ताणून घ्यायला सांगायचं. सांगायचं, हुकूम सोडायचा नाही. स्टोवेज (माल कुठे, कसा ठेवायचा) चीफ ऑफिसर बघतो, जहाजाच्या सुरक्षिततेचा शेवटचा शब्द कॅप्टनचा. मेट्स रिसीटवर (माल चढल्यावर जहाजाचा अधिकारी, म्हणजे मेट, देतो ती पावती) काय शेरा पडतो तो मात्र सही होण्याआधी वाचा. तोच शेरा पुढे बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजावर घेतल्याचा दस्तऐवज) येतो आणि बँक पैसे द्यायला अडते.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या जागेत, एकटं कधीही उतरायचं नाही. टाकीतून नायट्रोजन गळत असेल तर बंद होल्डमधला ऑक्सिजन कमी होतो. वास येत नाही, त्रास होत नाही, माणूस शिडीवरच कोसळतो. त्याला काढायला धावणाराही जातो. आधी हवा खेळू द्या, मीटर लावून ऑक्सिजन मोजून घ्या, मेटची परवानगी घ्या, मगच गेज वाचायला खाली.

गोदाकाठ: एवढं घाबरवू नका हो त्यांना. खरी भीती चाच्यांची. डिसेंबर २०२३ मध्ये 'रुएन' जहाज पळवलं होतं, मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाने सोडवलं.

जुना_मेट: चाच्यांची काळजी कॅप्टन आणि कंपनी घेतील. होल्डची यांनाच घ्यावी लागेल.

फॉरवर्डर_नाशिक: पिवळ्या तापाची लस घेतली का? केनियातून परत येताना प्रमाणपत्र नसेल तर इथे क्वारंटाइन करतात. आणि ते प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं.

अंबडचा_डिस्पॅचवाला: हे एजंटने सांगितलंच नाही!! उद्याच विचारतो. नायट्रोजन की कोरडी हवा, तेही टेस्टिंगवाल्यांना विचारतो. मेट काका, इन्शुरन्स कोण काढतं?

जुना_मेट: तुमचा, कंपनीने. जहाजवाले तुमच्याकडून हमीपत्रावर सही घेतील, की काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. सही करण्याआधी पॉलिसीची प्रत हातात असू द्या. साहेब 'होईल' म्हणाले तर गाडीत बसू नका.

निफाडचा_बागाईतदार: जागा उरली असेल तर कांदा न्यायचा विचार करा. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी घातली तेव्हा आमचे कंटेनर...

फॉरवर्डर_नाशिक: दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा.

बारावी_सायन्स: मला मर्चंट नेव्हीत जायचंय. सुपरकार्गोला पीसीएममध्ये किती टक्के लागतात?