सुदानच्या स्वयंसेवकांना मानसिक आधार कसा द्यायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी समुपदेशक आहे, सध्या सुदानमधल्या काही स्थानिक स्वयंसेवकांशी ऑनलाइन बोलते. एप्रिल २०२३ ला युद्ध पेटलं तेव्हापासून इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्सची (म्हणजे तिथल्या लोकांनीच उभारलेल्या मदतगटांची) ही पोरंपोरी गल्लोगल्ली सामूहिक स्वयंपाकघरं चालवतायत, आणि त्यातली कितीतरी स्वतःच बेघर झालेली. बाहेरून आलेल्या स्टाफला मधेमधे सुट्टीवर देशाबाहेर पाठवतात, यांना कुठली सुट्टी! पातेल्यातली डाळ संपते आणि रांग तशीच उभी असते, त्या लोकांना परत पाठवायचं हेच त्यांना सगळ्यात जास्त खातं, झोप लागत नाही. नेट सारखं जातं म्हणून व्हिडिओ जमत नाही, फक्त व्हॉइस मेसेज पोचतात. व्हॉइस मेसेजवर असा आधारगट कोणी चालवलाय का? आणि चांगलं अरबी येणारं, गुप्तता पाळणारं कोणी ओळखीत असेल तर प्लीज कळवा.