अनुभव धागा: दुसऱ्याच्या फोटोवर काय बोललात, काय ऐकलंत?

मंडळी, 'मस्त', 'झकास', 'क्लास' यापलीकडे कुणाच्या फोटोवर कुणी नेमकं काही बोललं आणि त्यातून काही घडलं-बिघडलं असेल, तर इथे लिहा. ऐकणाऱ्याच्या बाजूने लिहा नाहीतर बोलणाऱ्याच्या. सुरुवात मीच करतो.

भिगवणला नावेतून काढलेला चित्रबलाक मी आमच्या ग्रुपवर टाकला. वीसेक अंगठे आले. मग एकाने लिहिलं, "फोकस डोळ्यावर नाही, चोचीच्या टोकावर बसलाय. एवढ्या लांब चोचीचा पक्षी समोर तोंड करून असला की असं होतं. सिंगल पॉइंट, म्हणजे एकाच बिंदूवर धरलेला फोकस वापरून बघ." दोन दिवस मी त्या माणसाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी रात्री गुपचूप लॅपटॉपवर फोटो मोठा करून पाहिला. चोचीवरचा चिखलाचा ठिपका कोरल्यासारखा स्पष्ट, आणि डोळा ताकात पडल्यासारखा. नुसतं 'शार्प नाही' म्हटला असता तर मी आजही भांडत असतो.

जुना रोल
आमच्या वेळी एका रोलमध्ये ३६ फोटो. गावातल्या हौशी मंडळींची महिन्यातून एकदा बैठक व्हायची, प्रिंट घेऊन यायचं. तिथले एक मास्तर काळ्या पुठ्ठ्याच्या एल आकाराच्या दोन पट्ट्या पिशवीतून काढायचे. तुमचा प्रिंट टेबलावर ठेवला की त्यावर पट्ट्या मांडून चौकट हळूहळू लहान करत न्यायचे. तोंडातून अक्षर नाही. माझ्या जेजुरीच्या फोटोत पायऱ्या, दीपमाळा, भंडारा उधळणारी गर्दी, सगळं होतं. पट्ट्या सरकत सरकत खाली डाव्या कोपऱ्यात थांबल्या. तिथे एक पोरगं होतं, भुवया पिवळ्याधमक, एक डोळा चोळत असलेलं. ते माझ्याच फोटोत आहे हे मला तेव्हा कळलं. मास्तर म्हणाले, "मला हा दिसला. तुला काय दिसलं होतं?"
उत्तर देता आलं नाही. फोटो काढताना मी काहीच ठरवलं नव्हतं.

टाळ-चिपळ्या
मी बोलणाऱ्यांतली. तोंडावर आपटलेली.
दिवे घाटातला वारीचा फोटो होता, काढणारी कॉलेजातली मुलगी. पाय, टाळ, सगळं हललेलं. मी मोठ्या ताईच्या थाटात सांगितलं, "शटर १/५०० सेकंदावर ठेवायला हवा होतास गं." तिचं उत्तर आलं, "ताई, १/१५ मुद्दाम ठेवला, उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावून. पाय हलायला हवे होते, डोक्यावरची तुळस नाही." पुन्हा पाहिलं. गर्दीत एक बाई क्षणभर थांबलेली, तिच्या वृंदावनातल्या तुळशीचं पान न् पान दिसत होतं.
माफी मागितली आणि मग विचारलं, तुला स्वतःला यात काय खटकतंय? तिची अडचण भलतीच निघाली. पांढरे सदरे आणि टोप्या उन्हात जळून नुसते कागद झाले होते. मागे काळाभोर डोंगर असला की कॅमेरा फसतो, एकूण प्रकाश वाढवून ठेवतो. एक्स्पोजर थोडं उणे कर आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढ, एवढं मला सांगता आलं. आधी विचारलं असतं तर पहिल्या वाक्यातच कामाचं बोलले असते.

कंदी पेढा
माझं पाप कबूल करून टाकतो. गेल्या वर्षी महिनाभर मी लोकांना 'फोटो पिवळा पडलाय, व्हाइट बॅलन्स बघा' असं सांगत होतो. कासच्या गेंदाच्या फुलांवर सांगितलं, कुणाच्या बारशाच्या फोटोवर सांगितलं. एका बिचाऱ्याने तर तीनदा दुरुस्त करून निळाशार फोटो परत पाठवला. मग मुलीने माझा मोबाइल हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, स्क्रीन पिवळी करणारा नाइट मोड दिवसापण चालूच आहे तुमचा."

खुरी
मला थोडं वेगळं लिहायचंय. पावसाळ्याच्या तोंडाशी कोकणात नवरंग येतो, घरटी करतो. एका मित्राने घरट्याचा फोटो टाकला, पिल्लं लख्ख उजेडात. मी 'अप्रतिम' लिहून मोकळा. रात्री पुन्हा उघडला तेव्हा लक्षात आलं, घरट्यापुढच्या दोन फांद्या ताज्या कापलेल्या. उजेड त्यामुळेच आलेला. आडोसा गेलेलं घरटं कावळ्याला सापडायला कितीसा वेळ?
सगळ्यांसमोर बोललो असतो तर तो चिडला असता आणि बाकीच्यांनी बाजू घेतल्या असत्या. फोन केला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "वाटाड्याने कापल्या, मी नाही म्हटलं नाही." फोटो त्याने काढून टाकला. तंत्रावर मी चारचौघांत बोलतो, असल्या गोष्टींवर एकट्याशी. पण 'अप्रतिम' लिहिलेलं अजून टोचतं.

पुरणयंत्र
मी पदार्थांचे फोटो काढते. बहिणीने दोनच शब्द सांगितले: "ट्यूब घालव." खिडकीचा उजेड एका रंगाचा, ट्यूबचा दुसऱ्या, त्यामुळे माझ्या आमटीवर हिरवट छटा यायची. लेन्स घ्यायला निघाले होते, पैसे वाचले.

जुना रोल
सगळ्यांनी समजुतीने घेतलंय, पण एक सांगतो. मला आजही गोड बोलणाऱ्यापेक्षा झापणारा परवडतो. फक्त त्याने फोटो नीट बघून झापावं.

तिसरा मजला
इथे विचारूनच घेते. आमच्या सोसायटीतले काका निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेऊन बसलेत. रोज सकाळी गच्चीवरून सूर्योदयाचे बारा फोटो. सगळे सारखेच. काय लिहू?

जुना रोल
बारातला त्यांचा आवडता एक निवडायला सांगा, आणि तोच का ते विचारा.

तिसरा मजला
सांगितलं. आता बारा येतातच, वर निवडलेला एक पुन्हा वेगळा. तेरा झाले.