मदत हवी आहे: दुपारी आकसलेल्या संत्र्यातलं पाणी जातं कुठे?

नमस्कार मंडळी. झाडावर वाढणाऱ्या एका संत्र्यावर समोरासमोर दोन ठिपके दिलेत आणि तिथेच रोज व्हर्नियर कॅलिपर लावतो. काल पहाटे 60.0 मिमी, दुपारी तीनला 59.4. दिसायला फरक एवढासा, पण फळ गोल धरून हिशेब केला तर 113 मिलीतले जवळपास 3.4 मिली गेले!

ऊन चढलं की मुळं देतात त्यापेक्षा जास्त पाणी पानं उडवतात आणि रात्री फळ परत भरतं, इथवर समजतं. अडलंय ते पुढे. हे पाणी सालीतून उडालं, की देठातून उलटं फिरून पानांकडे गेलं? संत्र्याच्या सालीलाही पानांसारखी रंध्रं असतात, म्हणजे थोडं तिथूनही जाणारच.

म्हणून तेवढंच दुसरं फळ तोडलं, देठाच्या कापावर मेण लावलं आणि शेजारीच टांगलं. पहाटेपासून तीनपर्यंत वजन 1.1 ग्रॅमने घटलं. मग उरलेले दोनेक ग्रॅम पानांनी ओढले म्हणायचे का?

विचारतोय कारण पहाटेचा आकडा आधी रोज थोडा वाढायचा, तो चार दिवस 60.0 वरच आहे. सालीतून जात असेल तर फळांवर सावली करीन. पानं ओढत असतील तर पाणी वाढवायला हवं, पण ताणानंतर एकदम भरपूर दिलं तर साल तडकेल अशी धास्ती वाटते.

प्रतिसाद: तोडलेल्या फळाची युक्ती आवडली. फक्त झाडावरच्या फळात दुपारीही रसवाहिन्यांतून साखरेबरोबर थोडं पाणी येत असतं, त्यामुळे जलवाहिन्यांतून मागे गेलेलं पाणी दोन ग्रॅमहून जास्तच असेल. खात्रीसाठी एका फांदीची पानं आदल्या संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, वरून चकाकती फॉइल गुंडाळा, फळ बाहेर राहू द्या. दुसऱ्या दिवशी ते कमी आकसलं तर पानंच ओढताहेत.

दुपारच्या आकड्याने घाबरू नका, पहाटेचा अडकलाय ते मात्र गंभीर. वीतभर खाली माती मुठीत दाबून बघा. कोरडी असेल तर थोडं थोडं, पण रोज द्या.

धागाकर्ता: आत्ताच खणून आलो. मुठीत गोळा होतच नाही, नुसता भुगा. आज संध्याकाळपासून थोडं थोडं सुरू करतो आणि एका फांदीला पिशवीही बांधतो. उद्या दोन्ही फळांचे आकडे इथेच टाकतो.