लिव्हर सिरॉसिसच्या रुग्णाला भ्रम का होतो?

प्रश्न :
माझ्या वडिलांना लिव्हर सिरॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होत जाण्याचा आजार) आहे. गेले काही दिवस ते दिवसा पेंगतात आणि रात्रभर टक्क जागे असतात. परवा सही करताना त्यांना स्वतःच्या आडनावातली अक्षरे जुळवता येईनात. घरात कोणी याला हट्ट म्हणते, तर कोणी म्हातारचळ. यकृताच्या आजाराचा मेंदूशी खरोखरच संबंध असतो का?

प्रतिसाद १ :
संबंध अगदी थेट आहे. या अवस्थेला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. आतड्यांत तयार होणाऱ्या अमोनिया या विषारी पदार्थाचे निरोगी यकृत युरियात रूपांतर करते. सिरॉसिसमध्ये ही क्षमता घटते, शिवाय आतड्यांकडून येणारे काही रक्त यकृताला वळसा घालून परस्पर पुढे जाते, आणि त्यातला अमोनिया मेंदूत शिरतो. तिथल्या अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, त्यापासून ग्लुटामिन बनवतात, ते साठले की पाणी ओढून स्वतः फुगतात आणि चेतापेशींमधील संदेशवहन बिघडते. झोपेचे चक्र उलटणे हे बऱ्याचदा सुरुवातीचे लक्षण असते. पुढे स्थळकाळाचे भान सुटते, गुंगी वाढते आणि उपचार न झाल्यास रुग्ण कोमात जाऊ शकतो. वडिलांना हात पुढे ताणून मनगटातून पंजे वर उचलून धरायला सांगा. पंजे पुन्हा पुन्हा झटक्याने खाली पडत असतील, तर या आजाराची शंका बळावते. पण पडत नसले तरी आजच डॉक्टरांकडे न्या.

प्रतिसाद २ :
माझ्या आईची मी चार वर्षे शुश्रूषा केली. तिला दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होऊन अमोनिया बाहेर पडावा म्हणून लॅक्टुलोज हे औषध दिले होते. जुलाब होतात असे वाटून मी ते परस्पर बंद केले आणि तिसऱ्या दिवशी ती हाकेला ओ देईना. ती चूक मला अजून सलते. रुग्णालयात उपचारांनंतर ती शुद्धीवर आली. बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, पोटातील रक्तस्राव, शरीरातील पाणी कमी होणे, झोपेची औषधे, यांपैकी काही घडले आहे का, हे आधी आठवून पाहा. आणि कोणाच्या सांगण्यावरून जेवणातली प्रथिने बंद करू नका. त्याने स्नायू झिजतात, आणि अमोनियाचा काही भार स्नायूच उचलत असतात.

प्रश्नकर्ता :
त्यांना तीन दिवस शौचास झालेले नाही आणि रात्री झोपत नाहीत म्हणून आम्हीच दोनदा झोपेची गोळी दिली होती. आम्ही आत्ताच रुग्णालयात निघालो आहोत. गोळीचे पाकीट सोबत घेतले आहे.