प्रिपेअर्ड स्टेटमेंट असूनही 'ऑर्डर बाय'मध्ये एसक्यूएल इंजेक्शन

प्रश्न
पीएचपी ८, मायएसक्यूएल. सगळ्या क्वेरी पीडीओच्या (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधून जातात, म्हणजे क्वेरी आणि व्हॅल्यू वेगवेगळ्या देतो. मालाच्या यादीत कोणत्या कॉलमने सॉर्ट करायचं ते यूआरएलमधून येतं. ऑर्डर बायपुढे (क्वेरीत क्रम ठरवणारा भाग) प्रश्नचिन्ह ठेवून व्हॅल्यू बाइंड केली, म्हणजे त्या जागेसाठी वेगळी पुरवली, तर एरर येत नाही, पण सॉर्टही होत नाही. नाव थेट जोडलं की चालतं, मात्र सिक्युरिटी तपासणीत नेमकी तीच ओळ एसक्यूएल इंजेक्शनसाठी (बाहेरून आलेल्या मजकुरातून क्वेरीत आपला कोड घुसवणं) पकडली गेली. सिंगल कोट गाळून टाकले तर पुरेल का?

प्रतिसाद १
नाही पुरणार. त्या जागी हल्लेखोराला कोट लागतच नाही. तो कॉलमऐवजी 'केस व्हेन' (एसक्यूएलमधली जर-तरची अट) लिहितो : ॲडमिनच्या पासवर्ड हॅशच्या (पासवर्डऐवजी साठवलेलं त्याचं सांकेतिक रूप) पहिल्या अक्षराचा आस्की आकडा (अक्षराचा ठरलेला क्रमांक) ६४पेक्षा मोठा असेल तर किमतीने लाव, नसेल तर नावाने. यादीचा क्रम बघून उत्तर कळतं. निम्मं-निम्मं करत गेलं की एका अक्षराला ७ रिक्वेस्ट, म्हणजे ६० अक्षरांचा बीक्रिप्ट पद्धतीचा हॅश ४२० रिक्वेस्टमध्ये बाहेर. स्क्रिप्टला हे काही मिनिटांचं काम आहे.

बाइंड केल्यावर सॉर्ट का होत नाही? प्रश्नचिन्हाच्या जागी फक्त व्हॅल्यू बसते, कॉलमचं नाव नाही. मायएसक्यूएलला 'किंमत' ही स्ट्रिंग मिळते आणि ती प्रत्येक ओळीला सारखीच असते.

उपाय एकच : कोडमध्ये ॲरे (जोड्यांची यादी) ठेवा. डावीकडे यूआरएलमधला शब्द, उजवीकडे खरं कॉलम. शब्द ॲरेत नसेल तर ठरलेलं डिफॉल्ट कॉलम. चढता-उतरता क्रमही असाच दोनच पर्यायांतून घ्या. नावाभोवती नुसते बॅकटिक (`) लावून भागवू नका. ते नीट एस्केप केले (विशेष चिन्हांचा विशेष अर्थ काढून टाकला) तरी कोणीही न दाखवलेल्या कॉलमने सॉर्ट करून आतली माहिती काढू शकतो.

प्रतिसाद २
याच कोडमध्ये 'इन'ची (यादीतली कोणतीही व्हॅल्यू जुळवणारी अट) यादीही तपासून घ्या. '३,७,१२' एकाच प्रश्नचिन्हात बाइंड केलं तर ती एक स्ट्रिंग होते आणि आयडी आकडी असेल तर फक्त ३ जुळतो. मग लोक वैतागून थेट जोडतात आणि तिथेच भोक पडतं. जितक्या व्हॅल्यू तितकी प्रश्नचिन्हं तयार करा. यादी रिकामी असेल तर क्वेरी चालवूच नका, रिकाम्या कंसाला सिंटॅक्स एरर येते. 'लाइक'मधलं (नमुन्याने शोधणारी अट) टक्केचिन्ह क्वेरीत नाही, व्हॅल्यूला जोडायचं.

प्रश्नकर्ता
ॲरे लावला, सॉर्ट नीट होतंय. पण 'लिमिट' (किती ओळी आणायच्या तो आकडा) बाइंड केल्यावर सिंटॅक्स एरर येते आहे.

प्रतिसाद ३
पीडीओचा मायएसक्यूएल ड्रायव्हर डिफॉल्टने प्रिपेअरची नक्कल करतो : व्हॅल्यू पीएचपीतच एस्केप करून क्वेरीत चिकटवतो. एक्झिक्यूटला (क्वेरी चालवणारं फंक्शन) ॲरे दिला की १० हा आकडा कोटमध्ये जातो, म्हणून एरर. कनेक्शन उघडताना 'एम्युलेट प्रिपेअर्स' फॉल्स करा आणि कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) डीएसएनमध्येच (कनेक्शनचा तपशील देणारी ओळ) यूटीएफ८एमबी४ द्या. मागाहून 'सेट नेम्स' (कॅरेक्टर सेट बदलणारी आज्ञा) चालवलं तर एस्केप करणाऱ्या कोडला बदल कळत नाही. जीबीकेसारख्या (चिनी अक्षरांचा) सेटमध्ये एस्केपचा बॅकस्लॅश आधीच्या बाइटशी जुळून एकच अक्षर बनतो आणि कोट मोकळा सुटतो. नक्कल बंद केल्यावर एकच नावाचा प्लेसहोल्डर (प्रश्नचिन्हाऐवजी नाव दिलेली जागा) क्वेरीत दोनदा चालत नाही, त्या जागा आधी शोधून ठेवा.

डेटाबेस युजरला त्याच डेटाबेसवर लागतील तेवढेच हक्क द्या. 'फाइल' हक्क तर मुळीच नको, त्याने सर्व्हरवर फाइल लिहिता येते. लाइव्ह सर्व्हरवर 'डिस्प्ले एरर्स' बंद करून एरर लॉगमध्ये पाठवा, कारण मायएसक्यूएलच्या एरर मेसेजमधूनही डेटा ओढून काढता येतो.